मागची सीट: फोर्ड थंडरबर्डची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या सोसायटीच्या पार्किंगपासून करतो.

तिथे माझी ३९० सीसीची स्पोर्ट्स बाईक उभी असते. पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, सगळे घाट हिच्यावरच केले. आता झालंय असं की आई-बाबा कायमचे पुण्यात राहायला आलेत. बाबांचे गुडघे दुखतात, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी असते. आई या बाईकवर एकदाच बसलीय, कोथरूड ते स्वारगेट. उतरल्यावर म्हणाली, "परत नाही रे बाबा." तिचं बरोबर आहे. मागे जे काही आहे त्याला सीट म्हणणं धाडसाचं आहे. आणि कॅब बुक करावी तर दोन जण कॅन्सल करतात, तिसरा फोन करून विचारतो, "कुठे जायचंय?"

मग मी एक एक्सेल शीट बनवली. बीटेक झालेला माणूस हळवा झाला की हेच करतो. एका बाजूला बाईक, दुसऱ्या बाजूला सनरूफवाली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. मित्र म्हणाले, "वेडा आहेस का, बाईक विकू नकोस." ऑफिसातले सीनियर म्हणाले, "आता मोठा हो." मी तीन महिने ती शीट उघडून बंद करत होतो. आणि त्या तीन महिन्यांत वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली. हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका अख्ख्या कंपनीला पडला होता. लोकांच्या लाडक्या दोन सीटच्या गाडीचं करायचं काय?

थंडरबर्ड म्हटलं की आपल्याला एनफिल्डची बाईक आठवते. पण हे नाव त्याच्या कितीतरी आधी फोर्डच्या एका मोटारीचं होतं.

जरा मागे जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं, युरोपातून सैनिक घरी परतले. तिकडे त्यांनी छोट्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाहिल्या होत्या. अमेरिकेत तेव्हा गाड्या म्हणजे लांबलचक, ऐसपैस, घरातल्या सोफ्यासारख्या. जनरल मोटर्सनं जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात आपली स्पोर्ट्स कार दाखवली, शेव्हरोले कॉर्व्हेट. फायबरग्लासची बॉडी, दोन सीट. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. दिसायला कमाल! पण आत सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोनच गिअरचं ऑटोमॅटिक. खिडक्यांना वर-खाली होणाऱ्या काचाही नव्हत्या.

फोर्डनं हे सगळं नीट बघितलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये थंडरबर्ड दाखवली. ऑक्टोबरमध्ये ती विक्रीला आली. हिलाही दोनच सीट, पण बॉडी पोलादी, इंजिन व्ही-८, खिडक्यांना खऱ्या काचा, आणि हवं तर वरून बसवायचं कडक छत. फोर्डनं तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं मुद्दाम टाळलं. त्यांचा शब्द होता 'पर्सनल कार', म्हणजे तुमची स्वतःची गाडी. १९५५ च्या मॉडेलवर्षात १६,१५५ थंडरबर्ड बनल्या. त्याच वर्षी कॉर्व्हेट बनल्या ७००. मॅच एकतर्फी झाली.

पण दोन सीटच्या गाडीत रोज बसायला लागलं की काय होतं, तर सामान ठेवायला जागा नसते. १९५६ ला फोर्डनं स्टेपनी डिकीतून काढून गाडीच्या मागे बाहेर लावली. जागा झाली, पण सगळं वजन एकदम शेपटाकडे गेलं. कडक छत लावलं की तिरकं मागचं दिसायचं नाही, म्हणून छताच्या बाजूला जहाजाला असते तशी गोल खिडकी पाडली. आज तीच गोल खिडकी या गाडीची ओळख आहे. १९५७ ला गाडीची शेपटीच लांब केली आणि स्टेपनी परत आत आली. म्हणजे आपण प्रोडक्शनमध्ये करतो तेच: मूळ डिझाइनला हात लावायचा नाही, पॅचवर पॅच मारत राहायचं. पण एक तक्रार कुठल्याच पॅचनं सुटणारी नव्हती. मागे सीट नाही.

आता गोष्टीत येतो रॉबर्ट मॅकनमारा. अर्थशास्त्र शिकलेला, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवलेला. युद्धात अमेरिकन हवाई दलासाठी आकडेवारीचं काम केलेला. विमानं किती, इंधन किती, कुठल्या मोहिमेतून निष्पन्न काय झालं, हे मोजायचं. युद्धानंतर तिथल्या दहा जणांनी मिळून स्वतःला एकगठ्ठा फोर्डला नोकरीसाठी देऊ केलं. १९४६ मध्ये ते फोर्डमध्ये आले आणि पुढे 'व्हिझ किड्स' म्हणून प्रसिद्ध झाले. कंपनीचे हिशोब तेव्हा इतके गबाळे होते की अशा माणसांची गरजच होती. १९५५ मध्ये मॅकनमारा फोर्ड डिव्हिजनचा प्रमुख झाला आणि थंडरबर्ड त्याच्या टेबलावर आली.

गाडी लाडकी होती, हे त्यालाही दिसत होतं. पण फोर्ड डिव्हिजन तेव्हा वर्षाला दहा लाखांहून जास्त गाड्या विकत होती. त्यात पंधरा-वीस हजार म्हणजे किती? शिवाय देश बदलत होता. शहरांबाहेर नवी उपनगरं उभी राहत होती, घरोघरी तीन-तीन मुलं होती. दोन सीटची गाडी घेणार कोण? ज्याच्या दारात आधीच एक मोठी गाडी उभी आहे तो, नाहीतर लग्न न झालेला. बाकीचे शोरूमच्या काचेला नाक लावून गाडी बघायचे आणि घरी जायचे. मॅकनमाराचं गणित त्यांच्यासाठी होतं. थंडरबर्डला मागची सीट लावा.

चाहते हळहळले. १९५७ चं मॉडेल शेवटचं ठरलं. तीन वर्षांत मिळून ५३,१६६ गाड्या, आणि दोन सीटची थंडरबर्ड बंद.

१९५८ ला जी आली ती जवळजवळ दुसरीच गाडी होती. दोन फुटांनी लांब, पुष्कळ जड, चौकोनी. लोकांनी नाव ठेवलं 'स्क्वेअरबर्ड'. इंजिनिअर मंडळींसाठी यातला एक किस्सा सांगायलाच हवा. गाडी बुटकी ठेवायची होती, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंचवटा थेट प्रवाशांच्या मधोमध वर आला. मग त्यांनी त्यावरच एक छान कन्सोल बसवला, त्यात ॲशट्रे, स्पीकर आणि बटणं दिली. चौघांना आपापली वेगळी सीट मिळाल्यासारखं वाटायला लागलं. बगचं फीचर केलं ते असं!

आणि विक्री? १९५८ हे अमेरिकेत मंदीचं वर्ष. बहुतेक गाड्यांची विक्री धडाधड कोसळली. थंडरबर्ड गेली ३७,८९२. पुढच्या वर्षी ६७,४५६. १९६० ला ९२,८४३. जुन्या गाडीनं तीन वर्षांत केलं त्याच्या साडेतीन पटींहून जास्त. मॅकनमाराचं गणित बरोबर निघालं.

गोष्ट इथे संपवली असती तर मी दुसऱ्याच दिवशी बाईक विकून एसयूव्ही बुक केली असती. पण मला एक आकडा खटकला. १९५७ ची दोन सीटची थंडरबर्ड साधारण ३,४०० डॉलरची होती. १९५८ ची चार सीटवाली साधारण ३,६०० ची. म्हणजे 'व्यवहारी' गाडी जास्त महाग होती. मोठी होती, जड होती, जास्त मिरवायची होती. लोकांनी हौस सोडून गरज विकत घेतली नव्हती. त्यांनी दुसरी हौस घेतली होती, आणि ती घरी पटवून द्यायला सोपी होती. "मुलांना मागे बसता येईल ना!"

मी माझी शीट परत उघडली. एसयूव्हीच्या रांगेत सनरूफ होतं, मोठा टचस्क्रीन होता, सात वर्षांचा ईएमआय होता. बाबांचे गुडघे त्यात कुठल्याच कॉलममध्ये नव्हते.

आता त्या वेळच्या दुसऱ्या दोन निर्णयांकडे बघू.

पहिला जनरल मोटर्सचा. कॉर्व्हेट इतकी कमी विकली जात होती की बंद करायचा विचार चालला होता. पण समोर थंडरबर्ड चालली होती, आणि मैदान सोडलं तर नाक कापलं जाणार होतं. त्यांनी कॉर्व्हेटमध्ये व्ही-८ घातलं, तिला खरोखरची वेगवान केली आणि सीट दोनच ठेवल्या. आजही दोनच आहेत. म्हणजे लाडकी गाडी ठेवणं हाही मूर्खपणा नव्हता. पण ठेवायची तर तिच्यावर खर्च करावा लागला, आणि पोट भरायला दुकानात बाकीच्या शेव्हरोले होत्याच.

दुसरा निर्णय मला जास्त आवडतो. मॅकनमारानं आणखी एक गाडी आणली, १९६० च्या मॉडेलवर्षाची फोर्ड फाल्कन. लहान, स्वस्त, साधी. पहिल्याच वर्षी चार लाखांच्या वर विकली गेली. तिच्यावर कोणी जीव टाकला नसेल, पण ती लोकांना कामावर नेऊन घरी आणत होती. नोव्हेंबर १९६० मध्ये मॅकनमारा फोर्डचा अध्यक्ष झाला आणि काही आठवड्यांतच केनेडींचा संरक्षणमंत्री व्हायला निघून गेला. पुढे व्हिएतनाम युद्धातही त्यानं तसंच मोजमाप चालवलं, आणि जे मोजता येत नव्हतं तिथेच सगळं फसलं. १९९५ मध्ये त्यानं आठवणींच्या पुस्तकात आपण चुकलो हे कबूल केलं. तो वेगळा एपिसोड आहे.

त्याच्या मागे फोर्ड डिव्हिजनमध्ये ली आयाकोका आला. १९६२ मध्ये फोर्डनं मस्टँग नावाची दोन सीटची प्रायोगिक गाडी लोकांना दाखवली. तरुण पोरं वेडी झाली. तरी विकायला आणताना आयाकोकानं मस्टँगला चार सीट दिल्या. आणि खाली सांगाडा कुणाचा वापरला? फाल्कनचा! १७ एप्रिल १९६४ ला मस्टँग बाजारात आली, सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी साधारण २२ हजार ऑर्डर, वर्षभरात चार लाखांच्या वर गाड्या. मॅकनमाराच्या सगळ्यात कंटाळवाण्या गाडीनं सगळ्यात लाडक्या गाडीचं वजन उचललं.

२००२ मध्ये फोर्डनं दोन सीटची थंडरबर्ड परत आणली होती, गोल खिडकीसकट. सुरुवातीला खूप कौतुक झालं. २००५ ला ती बंद पडली. लोकांना जुन्या गाडीची आठवण हवी होती, पण रोजच्या वापराला दुसरंच काहीतरी लागत होतं.

तर मी काय केलं?

एक्सेल बंद केलं आणि एका रविवारी बाबांना घेऊन निघालो. शोरूममध्ये आणि जुन्या गाड्यांच्या डीलरकडे त्यांना एकेका गाडीत बसवून, उतरवून बघितलं. एसयूव्हीत चढताना गुडघा उचलावा लागत होता. सेडानमध्ये इतकं खाली बसायला होत होतं की उठताना हात द्यावा लागत होता. एक पाच वर्षं जुनी, उंच छताची छोटी हॅचबॅक होती. तिच्यात ते नुसते वळले आणि बसले. मग म्हणाले, "हे बरंय." सनरूफबद्दल त्यांनी विचारलंही नाही. बाईकचे पैसे आणि थोडी बचत मिळून ती येते, कर्ज काढायला लागत नाही.

बाईक पण ठेवता आली असती का? आली असती, ईएमआय घेऊन. पण मग ती कॉर्व्हेटसारखी सांभाळावी लागली असती, आणि माझ्या पार्किंगला जनरल मोटर्सचा आधार नाही. उद्या संध्याकाळी एक मुलगा बघायला येतोय. एकवीस-बावीसचा असेल, फोनवर पहिला प्रश्न टॉप स्पीडचा होता. मी चेन साफ केलीय, सर्व्हिसची सगळी बिलं काढून ठेवलीयत. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. सकाळी ताम्हिणीत एक शेवटची चक्कर मारून येणार आहे.

मंगळवारी साडेदहाला बाबांची फिजिओ आहे. गाडी मी काढणार. आई म्हणाली तीही येणार, मागच्या सीटवर.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात अशी कुठली गाडी विकली गेली असेल, मग ती आजोबांची लॅम्ब्रेटा असो नाहीतर काकांची फियाट, तर तिची गोष्ट व्हॉइस नोटवर नक्की सांगा. तोपर्यंत हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, मागे बसलात तरीसुद्धा!