विकत न घेतलेले औषध

जॉन ग्रिशमच्या ‘द लिटिगेटर्स’ (२०११) या कादंबरीत शिकागोतले दोन किरकोळ वकील एका बलाढ्य औषध कंपनीवर दावा लावतात. पुढे कळते की ते औषध घातक नव्हतेच. आमच्याकडचा इतिहास नेमका उलटा आहे. येथे औषध खरोखरच विष होते. दावा कोणी लावायचा, हाच प्रश्न होता.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील व डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल पाजण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि चौदा जण दगावले. औषधाच्या नावाखाली आलेले ते ग्लिसरॉल औद्योगिक प्रतीचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. हा पदार्थ स्वस्त, गोड आणि दिसायला ग्लिसरीनसारखाच. चाचणी केल्याखेरीज भेद कळत नाही. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातून १९३८ चा कडक औषध कायदा जन्मला होता. म्हणजे धडा पन्नास वर्षे जुना होता.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची सगळी साखळी तपासली आणि हलगर्जी, भ्रष्टाचार व राजकीय हस्तक्षेप यांवर निर्भीडपणे बोट ठेवले. पण चौकशी आयोग सत्य नोंदवतो. शिक्षा किंवा भरपाई देणे त्याच्या हाती नसते.

मग रुग्णाच्या हाती काय असते? १९४० च्या औषध कायद्याचे २६ वे कलम कोणाही नागरिकाला सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याचा हक्क देते. अट अशी की ते त्याने विकत घेतलेले असावे. १९८६ सालीच ग्राहक संरक्षण कायदा आला. परंतु सर्वांना सर्वस्वी मोफत मिळणारी रुग्णसेवा त्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले.

आता मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा खोडाळ्याच्या आरोग्य केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या आईचा विचार करावा. तिच्या हातातील बाटलीला पावती नाही. म्हणून ती खरेदीदार नाही आणि ग्राहकही नाही. उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे खरे, पण ते मुंबईत आहे, आणि मजुरी बुडवून तेथवर जाणे तिला परवडणारे नाही.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच द्रव्य पुन्हा मुलांच्या पोटात गेले. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले. प्रत्येक वेळी मृत्यू आधी येतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागून. आमच्या मते २६ व्या कलमातील ‘विकत घेतलेले’ या शब्दांच्या जोडीला ‘मिळालेले’ हा एक शब्द घातला, तरी मोखाड्यातील एखाद्या साध्या वकिलाला उभे राहण्यापुरती जागा मिळेल.