समोरचा वारा आणि बाजूचा वारा

परवा दिवाळीला नातू पुण्याहून आला तो नव्या मोटरसायकलवरच. चहा व्हायच्या आत मोबाईल पुढे करून म्हणाला, "आजोबा, हिला पुढे मोठी काच बसवायचीय. थंडीत मित्रांबरोबर गोव्याला जायचंय. यातली कुठली घेऊ?" काचा चांगल्या वीस-पंचवीस होत्या. आखूड, उंच, काळसर, पारदर्शक. मी म्हटलं, "उद्या सांगतो." आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे कुठलाही प्रश्न आला की 'हे सुरू कुठून झालं' तिथपासून सांगायची खोड आहे, हे त्याला माहीत आहे. पण उद्यावर ढकलण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते ओघात येईलच.

मंडळी, वाऱ्याचा हिशोब मोठा विचित्र आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ४० ने जाताना जो वारा गालाला गोड लागतो तोच ८० ला छातीवर हात ठेवून मागे लोटतो. शर्यतीत धावणाऱ्यांना हे फार लवकर कळलं. इंजिनाची ताकद वाढवत नेण्यापेक्षा वाऱ्याला चुकवणं स्वस्त पडतं!

इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचं गाव आहे. मोटो गुझ्झी कंपनीचा कारखाना तिथला. या कंपनीने १९५० च्या सुमारास कारखान्यातच विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा बांधला. अख्खी मोटरसायकल, वर खराखुरा स्वार, आणि समोरून सोडलेला वारा. स्वाराने कोपर किती आत घ्यावं, पत्र्याला बाक कुठे द्यावा, हे आता अंदाजाने ठरवायची गरज उरली नाही. त्यातून पुढचं चाकसुद्धा पोटात घेणारं एक गोलमटोल कवच निघालं. दुसऱ्या कंपन्यांनीही तशीच कवचं केली आणि इंग्रजीत त्यांना नाव पडलं डस्टबिन, म्हणजे कचऱ्याचा डबा. नाव काहीही असो, गुण मोठा होता. १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षं ३५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मोटो गुझ्झीने घेतलं. त्यांची मोठी मोटरसायकल तर ५०० सीसीत आठ सिलिंडरांची. ती ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास पळायची, आणि हे १९५७ साली!

आणि तरीही १९५८ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाने या पूर्ण कवचांवर बंदी घातली. नियमाचा अर्थ असा, की पुढचं चाक उघडं राहिलं पाहिजे आणि स्वार बाजूने दिसला पाहिजे.

का बरं? वर्गात मी धनुष्यबाणाचं उदाहरण दिलं असतं. बाणाला पिसं कुठे असतात? मागे. म्हणून वाऱ्याने शेपूट हलली तरी टोक सरळ राहतं. तीच पिसं पुढे लावली तर बाण भरकटेल. डस्टबिन कवचाने नेमकं हेच केलं. मोटरसायकलच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी मोठी भिंत आली. समोरून येणारा वारा अलगद कापला जायचा, पण बाजूने झोत आला की सगळा जोर पुढच्या भिंतीवर पडून तोंड फिरायचं. बोगद्यात वारा ठरल्या दिशेने येतो. रस्त्यावर तो झाडांच्या फटीतून, वळणावरून, कुठूनही येतो.

त्यानंतरची कवचं आखूड झाली. चाक उघडं, नाक पुढे आलेलं, म्हणून त्यांना डॉल्फिन म्हणू लागले. आज शर्यतीत दिसतात ती त्यांचीच वारस.

रोजच्या प्रवाशाचं दुखणं मात्र वेगाचं नव्हतं, थंडीचं आणि थकव्याचं होतं. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या डिझायनरने १९७० च्या दशकात विंडजॅमर नावाचं कवच विकायला काढलं. कवच एकच, पण वेगवेगळ्या मोटरसायकलींसाठी वेगवेगळे ब्रॅकेट. मुख्य म्हणजे ते हँडलला नाही, चासीला बसायचं. १९७५ साली आलेली होंडाची गोल्ड विंग उघडीच होती, आणि कित्येकांनी तिला विंडजॅमर लावून घेतलं. शेवटी १९८० मध्ये होंडानेच कवचासकट गोल्ड विंग विकायला सुरुवात केली. त्याआधी १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली होती. तिचं पूर्ण कवच इटलीत पिनिनफारिनाच्या बोगद्यात तासून काढलेलं आणि तेही चासीलाच पक्कं केलेलं.

हँडलला की चासीला, हा वरवर किरकोळ वाटणारा फरक. पण हँडलवरच्या काचेला वाऱ्याने धक्का दिला की तो धक्का थेट हँडलला जातो, म्हणजे वाराच गाडी वळवू बघतो. चासीवरचं कवच धक्का अख्ख्या गाडीला देतं, हँडल आपल्या हातात राहतं.

आपल्याकडे कारखान्यातूनच कवच घालून आलेल्या गाड्या रुळल्या त्या बऱ्याच उशिरा. २००३ ची करिझ्मा अर्धं कवच घेऊन आली, २००८ ची यामाहा आर १५ पूर्ण. त्याआधी आपण बाजारातून काच आणायची, दोन क्लँप हँडलला आवळायचे आणि निघायचं.

मीही तेच केलं होतं. १९७८ साल. आम्ही वाईला राहत होतो आणि माझी नोकरी पाचगणीला. जुनी राजदूत घेतलेली. हिवाळ्यात पहाटे पसरणी घाट चढताना डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. म्हणून दुकानातली सगळ्यांत उंच काच निवडली. स्वस्तही नव्हती. सौ. म्हणाली, "अहो, एवढी मोठी कशाला? शिडासारखी दिसतेय." मी हसण्यावारी नेलं. थंडीभर काचेने सुख दिलं, आणि मीच कसा शहाणा हे मी तिला दोनदा तरी ऐकवलं.

जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, पाचगणीला सहकाऱ्याच्या मुलाची मुंज होती. परतताना ती मागे बसलेली, पाचवा महिना चालू. घाटात एका वळणावर डोंगराचा आडोसा संपला आणि दरीतून वर येणारा वारा काचेवर आदळला. हँडल हातातून ओढल्यासारखं फिरलं. आम्ही डोंगराच्या अंगाच्या गटारात पडलो. वेग कमी होता, दोघांना खरचटण्यावर निभावलं. वारा उलट्या अंगाने असता तर पलीकडे दरी होती.

त्या संध्याकाळी सगळ्यांना मी सांगितलं, "वाळूवरून चाक घसरलं." दुसऱ्या दिवशी गुपचूप काच काढून माळ्यावर टाकली. डॉक्टरांनी बाळ ठीक आहे म्हणेपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. ते बाळ म्हणजे या नातवाचे वडील. वाळूची गोष्ट मात्र घरात तशीच राहिली, इतकी वर्षं.

मांदेल्लोच्या त्या हुशार माणसांशी मी स्वतःची तुलना करत नाही. पण इतिहास वाचताना कळतं, की समोरचा त्रास टळला की बाजूला काय वाढलं हे बघायचं आपण विसरतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना नातवाला सगळं सांगितलं, वाळूसकट. सौ. पोळी वाढत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाली, "मग याची काच केवढी आहे ते आधी बघा."

बघितली. शेवटी ठरलं ते असं. काच मध्यम उंचीची, वरची कड डोळ्यांच्या दोन-चार बोटं खाली. रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसला पाहिजे, कारण पावसात, रात्री समोरून दिवे आले की चरे पडलेली काच आंधळी होते. शक्य तर आधार चासीचा. हँडलवरच बसवायची असेल तर आखूड घ्यायची, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना, काच टाकीला टेकत नाही ना, हे बघायचं. बोल्टखाली रबरी वायसर, आणि ॲक्रिलिक असेल तर फार आवळायचं नाही, तडा जातो. पुसायला साबणाचं पाणी, पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही. काच बसवल्यावर पहिली फेरी एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, वारा असेल अशा दिवशी. मागे कुणाला बसवायचं ते त्यानंतर.

नातवाने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. जाताना आजीच्या पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "घाटात सावकाश."

असो.