समुद्रात गेलेले डनिच

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात डनिच नावाचे चिमुकले गाव आहे. आज तिथे मोजकीच घरे दिसतात. पण मध्ययुगात हे गजबजलेले बंदर होते. 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी नोंदवहीत इथल्या तीन चर्चची नोंद आहे.

किनारा मात्र भुसभुशीत, वालुकामय. 1286 च्या मोठ्या वादळाने गावाचा लचका तोडला. 1328 च्या वादळात बंदराचे तोंड दगडगोट्यांनी बुजले आणि व्यापार शेजारच्या गावांकडे वळला. पुढे घरे, रस्ते, चर्च एकामागून एक लाटांत गेली. तरी जुन्या हक्काने डनिचचे दोन प्रतिनिधी 1832 पर्यंत संसदेत बसत होते!

मग उरले काय? समुद्राने जागा घेतल्यावर फ्रान्सिस्कन साधूंनी 1290 मध्ये मठ आतल्या बाजूला हलवला. त्याचा दरवाजा व भिंती अजून उभ्या आहेत. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवत, म्हणून त्यांच्या रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिराचे अवशेष वाचले. ऑल सेंट्स हे जुन्या गावातले शेवटचे चर्च 1904 पासून कड्यावरून ढासळू लागले. 1919 मध्ये त्याचा मनोरा कोसळला. त्याच्या भिंतीचा एक दगडी टेकू तेवढा वाचवून सेंट जेम्स चर्चच्या आवारात पुन्हा उभारला आहे.

देव्हारा सोबत घेऊन ज्यांनी परमुलखात घर मांडले, त्या घराण्यांना या टेकूचे मोल वेगळे सांगायला नको.