सापाला हिवाळा देणारी माणसं

"दादा, कॉर्न स्नेक पाळला तर चालतो का?" असा मेसेज परवा पुन्हा आला. रील बघून हे प्रश्न वाढलेत. उत्तर देतोच, पण आधी या केशरी सापाचा इतिहास ऐका.

हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांमागे फिरणारा. 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक अल्बिनो साप सापडला, म्हणजे अंगात काळा रंगच नाही. जॉर्जियातले त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्याची साध्या रंगाच्या सापाशी जोडी लावली. पिल्लं सगळी साधी निघाली. त्या पिल्लांची वीण केली तेव्हा कुठे अल्बिनो जन्मले. 1962 मध्ये शोधनिबंध छापून आला. मेंडेलचा वाटाण्याचा नियम सापालाही लागू! मग काय, रंगांचा बाजारच उभा राहिला.

पण वीण म्हणजे नुसतं नर-मादी एका पेटीत सोडणं नव्हे. या सापाला ऋतू कळावा लागतो. म्हणून पाळणारे त्याला खोटा हिवाळा देतात. दोनेक आठवडे उपाशी ठेवायचं, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटातला उंदीर आतच सडतो. मग दोन-तीन महिने 10 ते 13 अंश, अंधार, फक्त पाणी. खरी काळजी उठल्यावर. ऊब हळूहळू वाढवायची, आधी पाणी, मग लहानसा उंदीर, पुढे मोठा. मादी अंगानं भरली, तिनं कात टाकली, की नराजवळ. अशक्त मादी विणीला लावली तर अंडी अडकून जीव जातो. व्हिडिओत हे कुणी दाखवत नाही.

आता आपल्याकडचं. नाग, धामण, अजगर घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. म्हणून हौशी लोक परदेशी सापांकडे वळले. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले, बिस्किटं-केकच्या पाकिटांत दडवलेले. त्या पाकिटात कसली ऊब आणि कसलं पाणी?

बॉल पायथन आफ्रिकेतला, आंतरराष्ट्रीय साइटस यादीतला. 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे असे प्राणी ठेवणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर तीही. कॉर्न स्नेक मात्र त्या यादीतच नाही! म्हणजे ज्याच्या विणीचं तंत्र सगळ्यात सोपं, तोच नोंदीबाहेर. माझ्या मते ही मोठी फट आहे आणि विक्रेत्यांना ती चांगली ठाऊक आहे.

तेव्हा मेसेज करणाऱ्या मित्रा, विकणाऱ्याला आयातीचा कागद माग. तो "नंतर देतो" म्हणाला, तर साप घेऊ नकोस.