'क्वारंटाईन' : चाळीस दिवसांचा शब्द

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा 'क्वारंटाईन' हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला. आपण इस्राएलमध्ये 'बिदूद' म्हणत होतो. मुंबईच्या नातलगांचा फोन आला की ते 'होम क्वारंटाईन' म्हणत. उभा जन्म रुग्णसेवेत गेल्याने या शब्दाची हकिकत वाचकांपुढे ठेवाविशी वाटते.

शब्द मूळचा इटलीचा. 'क्वारांता' म्हणजे चाळीस. मात्र प्रथा सुरू झाली ती तीस दिवसांवर. रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोवनिक, या बंदराने १३७७ साली ठराव केला की, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात शिरण्यापूर्वी एक महिना बाहेर राहावे. पुढे तिसाचे चाळीस झाले. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ काढले आणि १४६८ मध्ये दुसरे बेट संशयित गलबते, माल व माणसे यांच्यासाठी राखले. (याच व्हेनिसने १५१६ साली यहुद्यांना एका वाड्यात कोंडले आणि 'घेटो' हा शब्द जगाला दिला, हेही आपण विसरू नये.)

दोन बेटे कशासाठी? नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हाच धडा असतो. रोग्याला वेगळे ठेवणे ते आयसोलेशन. ज्याला अजून काही झालेले नाही, पण रोग्याच्या सहवासात आला आहे, त्याला थांबवून ठेवणे ते क्वारंटाईन. दोघांना एकाच खोलीत घातले तर धडधाकट माणूसही आजारी पडायचा. हल्ली लोक दोन्ही शब्द सरसकट वापरतात, ते मला खटकते.

आता चाळीसच का? प्लेगची लक्षणे बहुधा आठवड्याच्या आत दिसतात. तेव्हा हा आकडा वैद्यकाने मोजून काढलेला नव्हे. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्यामागे असावा असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. आपल्याला तर हा आकडा घरचाच. नोहाच्या वेळचा पाऊस चाळीस दिवस, मोशे रब्बेनू सिनाय पर्वतावर चाळीस दिवस, आणि मुलगा झाला की बाळंतिणीचेही चाळीस दिवस. मुलगी झाली तर ऐंशी!

इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टातही हा हक्क दिलेला आहे, त्याला 'विधवेचे क्वारंटाईन' म्हणत. गलबतांचा अर्थ नंतर आला. सॅम्युएल पेपिस याने १६६३ सालच्या रोजनिशीत नोंदले आहे की, तीस दिवसांचे क्वारंटाईन म्हणणे शब्दार्थाला सोडून आहे.

मुंबईत हा शब्द घराघरांत पोचला तो १८९६ च्या प्लेगने. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरझडत्या होऊ लागल्या, रोगी इस्पितळात आणि घरची माणसे छावणीत नेऊ लागले. लोक इतके धास्तावले की रोगी लपवू लागले. त्याच वेळी आपल्याच धर्माचा, ओडेसाचा डॉ. हाफकिन मुंबईत लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

हिब्रूत क्वारंटाईनला 'हेस्गेर' म्हणतात. याचे मूळ तोरात, वायिक्राच्या १३ व्या अध्यायात आहे. अंगावर संशयास्पद चट्टा दिसला तर कोहेनने त्या माणसाला सात दिवस बंद ठेवावे, पुन्हा तपासावे, आणि खात्री नसेल तर आणखी सात दिवस थांबावे, असे तिथे सांगितले आहे. 'बंद करणे' या अर्थाचा तोच धातू. २०२० मध्ये रोज कानांवर पडणारा 'सेगेर', म्हणजे लॉकडाऊन, त्याच धातूचा. आकड्यापेक्षा तपासणीवर भर देणारी ही रीत मला व्हेनिसच्या चाळीस दिवसांपेक्षा शहाणपणाची वाटते.

हैफाजवळची 'शार हाअलिया' छावणी १९४९ ते १९६२ पर्यंत चालू होती. लाखो नवागत वैद्यकीय तपासणीसाठी तिच्या तारेच्या कुंपणाआड राहिले. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी तिथे राहिले असेल, तर तिथे किती दिवस काढले, तपासणी कशी झाली, हे त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावे.