डांगाणातली डांगी

चाकणच्या बाजारात बैल पाहणाऱ्यांची नजर आधी खिल्लारावर जाते. पांढरा रंग, लांब टोकदार शिंगं, शर्यतीची ऐट. पण खिल्लार कोरड्या माणदेशाचा. चाकणहून नाशिक रस्त्याने संगमनेर गाठून पश्चिमेला अकोले, राजूरकडे वळलं की मुलूख बदलतो आणि गुरंही बदलतात. आखूड शिंगांची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही गुरं म्हणजे डांगी.

डांग म्हणजे डोंगर-जंगलाचा मुलूख. गुजरातचा डांग जिल्हा त्याच नावाचा आणि अकोल्याच्या पश्चिम भागाला आजही डांगाण म्हणतात. नाव मुलखाचं आणि घडणही मुलखाचीच. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कुशीत पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही. तिथे डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि कठीण, म्हणून खडकाळ चढणीवर चालतात आणि चिखलात सडत नाहीत. भाताची चिखलणी ओढायला असाच बैल लागतो. महादेव कोळी, कानडी, ठाकर पशुपालकांनी पिढ्यानपिढ्या वळू निवडून हे गुण पक्के केले. ठिपक्यांच्या प्रमाणावरून त्यांनी पारा, बहाळा, मनेरा अशी नावंही दिली. इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांना मी जातिवंत पैदासकारच म्हणेन.

मग तरीही डांगीची घसरण का झाली? डांगी दूध थोडं देते. होल्स्टीन, जर्सीच्या संकरातून लिटर वाढले, तसा गाईचा हिशेब फक्त दुधावर होऊ लागला. चिखलणीला पॉवर टिलर आला आणि बैलाचं कामही गेलं. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला उभी केलेली बाएफ संस्था गावोगाव संकरित पैदास पोचवण्यात आघाडीवर होती. तीच पुढे अकोल्यात डांगीच्या जतनाला लागली, हे मला फार मोलाचं वाटतं. जतनासाठी वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा हव्यातच, पण मात्रेने वंश उरतो, गोठा उरत नाही. गोठा उरायचा तर गावात जातिवंत वळू आणि त्याला चरायला रान हवं.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत अकोले, जुन्नर, आंबेगावची कितीतरी मंडळी कामाला आहेत. त्यांना एक विनंती आहे: पुढच्या प्रदर्शनाला जा, आणि गावच्या गोठ्यात चांगला डांगी गोऱ्हा असेल तर तो विकू नका, वळू म्हणून राखा.