नारायणन्, कोचेरिल रामन

(२७ ऑक्टोबर १९२० – ९ नोव्हेंबर २००५). भारताचे दहावे राष्ट्रपती (१९९७–२००२) व मुत्सद्दी. जन्म त्रावणकोर संस्थानातील उळवूर (विद्यमान कोट्टयम् जिल्हा, केरळ) येथे, परवन या दलित जातीतील गरीब कुटुंबात. जन्मतारीख शाळेच्या दप्तरातील असून ती वादातीत नाही. वडील वैद्यकी करीत. शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट करावी लागे. फी थकल्यामुळे वर्गाबाहेर उभे राहण्याचेही प्रसंग आले. त्रावणकोर विद्यापीठातून ते इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. झाले (१९४३). काही काळ वृत्तपत्रांत नोकरी. एप्रिल १९४५ मध्ये मुंबईत त्यांनी म. गांधींची मुलाखत घेतली. टाटा शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरल्ड लास्की यांच्याकडे शिक्षण. लास्कींचे पत्र घेऊन ते नेहरूंना भेटले व १९४९ मध्ये परराष्ट्रसेवेत दाखल झाले. रंगून येथील नेमणुकीत परिचय झालेल्या मा टिंट टिंट (उषा) यांच्याशी १९५१ मध्ये विवाह.

थायलंड, तुर्कस्तान, चीन व अमेरिका येथे राजदूत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू, ओट्टपालममधून तीनदा लोकसभेवर, केंद्रात राज्यमंत्री, १९९२ पासून उपराष्ट्रपती.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांनी टी. एन्. शेषन यांचा प्रचंड मताधिक्याने पराभव केला. शेषन यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. नारायणन् हे या पदावरील पहिले दलित. तथापि त्यांच्या कारकीर्दीचे खरे मोल राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५६ (राज्यांतील राष्ट्रपती राजवट) संबंधीच्या दोन निर्णयांत आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी सभागृहात विश्वासमत मिळविले. त्या वेळी विधानसभेत हाणामारी झाली. राज्यपाल रोमेश भंडारी यांच्या अहवालावरून गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन् यांनी ती फेरविचारार्थ परत पाठविली. फेरविचाराची ही तरतूद ४४ व्या घटनादुरुस्तीपासून (१९७८) अनुच्छेद ७४ मध्ये होती. राष्ट्रपती राजवटीच्या शिफारशीवर ती प्रथमच वापरली गेली. बहुमताचा निर्णय सभागृहातच व्हावा, हे बोम्मई खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले तत्त्व त्यामुळे व्यवहारात उतरले. मंत्रिमंडळाने शिफारस सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी परत केली. दोन्ही वेळी केंद्रात परस्परविरोधी पक्षांची सरकारे होती, म्हणून पक्षपाताचा आरोप येथे टिकत नाही. बिहारमध्ये फेब्रुवारी १९९९ मध्ये, दलित हत्याकांडांनंतर, राष्ट्रपती राजवट लागू झाली; राज्यसभेत संमती मिळण्याची शक्यता नसल्याने मार्चमध्ये ती मागे घ्यावी लागली.

एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी वाजपेयींना विश्वासमत घेण्यास सांगितले. सरकार एका मताने पडले. या सूचनेच्या औचित्याबद्दल मतभेद आहेत. राज्यघटनेच्या फेरआढाव्याची चर्चा सुरू असताना, २७ जानेवारी २००० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी घटनेची ठाम पाठराखण केली. गुजरात दंगलींसंबंधी (२००२) वाजपेयींशी पत्रव्यवहार झाला.

इंडिया अँड अमेरिका (१९८४), नेहरू अँड हिज व्हिजन (१९९९) ही त्यांची पुस्तके. नवी दिल्ली येथे निधन.